भाजीचा वाटा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मंडळी, 'वाटा' हा शब्द आपण रोज ऐकतो. सोलापूरच्या लक्ष्मी मंडईत भाद्रपदाच्या दिवसांत गेलात, तर पोत्यावर गवारीची, मिरचीची, दोडक्याची छोटी छोटी ढिगुळी मांडलेली दिसतात आणि मागे बसलेली बाई ओरडत असते, "वीसला वाटा, वीसला वाटा!" तिथे वाटा म्हणजे तराजूत न घालता, नजरेनेच मोजून विकायची भाजी. माझे आजोबाही हाच शब्द वापरीत. पण त्यांच्या तोंडी वाटा म्हणजे तोडलेल्या मालातला ज्याचा त्याचा हक्क. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ. ते एकमेकांपासून दूर कसे गेले आणि आता पुन्हा जवळ येऊ पाहतात का, हे आज सांगायचे आहे.

त्यासाठी आधी आपल्या जिल्ह्याचे पंचांग समजून घ्यावे लागेल. सोलापूर हा रब्बीचा मुलूख. वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास आणि त्यातलाही सर्वांत भरवशाचा पडतो तो सप्टेंबरात. त्यामुळे काळ्या रानातली ज्वारी पेरायची ती पावसाळ्याच्या शेवटी आणि काढायची ती थेट माघ-फाल्गुनात. मंगळवेढ्याच्या ज्या मालदांडी ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तिचा हाच क्रम. म्हणजे श्रावण-भाद्रपदात, पाऊसकाळ सरत असताना, शिवारातली बरीचशी जमीन अजून पेरणीची वाटच पाहत असे. कणगीतली ज्वारी तळाला गेलेली, नवी यायला पाच-सहा महिने. या दिवसांत हाताला लागायचे ते मूग-उडदाचे चार दाणे आणि विहिरीवरच्या मळ्यातले माळवे. आमच्याकडे भाजीपाल्याला माळवे म्हणतात. भाद्रपदातले माळवे हे नुसते तोंडीलावणे नव्हते, ते घराचा तोल सांभाळीत असे.

आपले सणही याची साक्ष देतात. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे खायचे नाही, असा नियम. मग खायचे काय? परसात आणि बांधाकडेला, हाताने टोकलेल्या वेलांचे. त्यानंतर दोन-चार दिवसांत घरोघरी लक्ष्म्या बसतात आणि त्यांच्यापुढे सोळा भाज्यांचा नैवेद्य लागतो. एका घरच्या मळ्यात सोळा भाज्या कुठून असणार? कोणाकडे पडवळ, कोणाकडे घोसाळे, कोणाकडे लाल भोपळा. दिल्याघेतल्याशिवाय सोळाचा आकडा पुराच होत नाही. नैवेद्य एका घरचा असला, तरी भाजी साऱ्या आळीची. पहिल्या तोडणीचा वानवळा शेजारी पाठवायची आपली रीतही यातलीच.

भाजीच्या मळ्याला आपल्या जिल्ह्यात फार मोठी परंपरा आहे. माढा तालुक्यातले आरण हे गाव सर्वांना माहीत आहे. परंपरेने सांगितलेला काळ धरला, तर १२५० ते १२९५ या काळात तिथे सावता माळी होऊन गेले. पंढरी जवळ असूनही त्यांनी मळ्यातल्या कामालाच भक्ती मानले. आजही आषाढाच्या वद्य पक्षात, त्यांच्या पुण्यतिथीला, पंढरपूरहून पांडुरंगाची पालखी आरणला येते. माळी देवाकडे जात नाही, देव मळ्यात येतो. सावता महाराजांचे अभंग काशिबा गुरव यांनी लिहून ठेवले, असे परंपरा सांगते. पिकवणारा माळी आणि टिपून ठेवणारा गुरव. गावगाड्यात एकाचे काम दुसऱ्याच्या हातावाचून पुरे होत नसे, हे या जोडीवरूनही दिसते.

हा गावगाडा मी लहानपणी शेवटच्या घटका मोजताना पाहिला. माझा जन्म १९५२ चा. आमचा मळा मोहोळ तालुक्यात, सीनेच्या काठापासून थोडा वर. त्या वेळी विहिरीवर मोट चाले. धावेवर बैल मागेपुढे होत, चाक कुरकुरे, थारोळ्यात भडभडून पाणी पडे आणि पाटाने वाफ्यात जाई. आता या एका मोटेचा हिशेब पाहा. चाक सुताराचे, लोखंडी सामान लोहाराचे, चामड्याची मोट चांभाराने शिवलेली, नाडा मांगाने वळलेला. घागरीभर पाणी वर यायलाही इतके हात लागत. या हातांना रोजची मजुरी नव्हती. त्यांना सुगीत खळ्यावर धान्याचे बलुते मिळे. मळ्यात तोडणी झाली की त्यांच्या नावाने माळवेही निघे.

भाद्रपदातली ती पहाट मला अजून आठवते. दव पडलेले असताना आजी आणि चुलत्या तोडणीला लागत. उन्हाआधी भेंडी-गवार खुडली पाहिजे, नाहीतर बोटे काचतात आणि माल सुकतो. विहिरीजवळच्या लिंबाखाली ओले गोणपाट अंथरलेले असे. त्यावर सगळा माल ओतला की आजोबा बाजाराचे डालगे भरायच्या आधी वाटे घालीत. हा देवाचा, म्हणजे मारुतीच्या गुरवाचा. हा सुताराचा, हा लोहाराचा, हा कुंभाराचा. एकदा मी विचारले, "आबा, आधी बाजाराचं भरा की, गाडी जाईल." आजोबा म्हणाले, "बाजार उद्या बी हाय लेकरा. चाक मोडलं तर सुतार आज लागतोय."

त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गाव-गाडा' या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात या व्यवस्थेचे बारकाईने वर्णन आहे. कारू-नारूंचे हक्क, त्यांच्या ओळी, कोणाला किती मिळायचे, त्यावरून होणारी भांडणे, सारे काही. ते वाचताना लक्षात येते की या पद्धतीत एक शहाणपण होते. पिकले तर सगळ्यांचे, बुडाले तर सगळ्यांचे. शेतकऱ्याच्या एकट्याच्या डोक्यावर पावसाचा जुगार नव्हता. कारागिराने आधी काम द्यायचे आणि मोबदला पीक आल्यावर घ्यायचा, म्हणजे एका अर्थी त्याने हंगामात आगाऊ भांडवलच घातलेले असे. अर्थात बुडाल्यावर सगळ्यांचे सारखेच बुडत नसे. १८७६-७८ च्या दुष्काळात होरपळलेल्या मुलखांत सोलापूर होते. अशा वर्षी खळेच लागत नाही, तेव्हा पहिली उपासमार बलुत्यावर जगणाऱ्याच्या घरी.

याहून कडू गोष्ट पुढेच आहे. आजोबांच्या त्या गोणपाटावर काही वाटे नसत. ते लांब बांधावर ठेवले जात. ज्याने मोट शिवली, ज्याने नाडा वळला, त्यांनी तिथून ते उचलायचे. त्यांच्या हातच्या मोटेने काढलेले पाणी आम्ही प्यायचो, पण त्या विहिरीला त्यांनी हात लावायचा नाही. अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा १९५५ साली झाला होता, मी सांगतो ती गोष्ट त्यानंतरची. माझे आजोबा मनाने वाईट नव्हते, वाट्यात ते कधी कमी करीत नसत. पण बांधावरचा तो वाटा त्यांनी कधी गोणपाटावर आणला नाही, हेही खरे आहे. मी हे सांगितले नाही, तर इतिहास सांगितला असे होणार नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या व्यवस्थेचे मर्म अचूक ओळखले होते. १९२८ साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनासंबंधी विधेयक मांडले. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करावी आणि बलुत्याऐवजी रोख रकमेची सोय व्हावी, असा त्यात आग्रह होता. कारण उघड आहे. ज्याच्या घरची चूल गावाच्या मर्जीवर पेटते, त्याला गावापुढे मान वर करता येत नाही. हक्काने मागितले तर बलुते बंद. ते विधेयक तेव्हा मंजूर झाले नाही. पुढे १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने नाहीशी झाली. म्हणजे ज्या वाट्याला आपण आज जिव्हाळ्याचा म्हणून गोंजारतो, त्यातून सुटण्यासाठी कित्येकांना झगडावे लागले. त्यांच्या लेखी रोख पैसा ही सुटकेची वाट होती.

ही रोखीची वाट सोलापुरात तशी आधीच आली होती. १८३५-३६ च्या सुमारास शेजारच्या इंदापूर भागात इंग्रजांनी नवी जमीन-मोजणी व साराबंदी सुरू केली. ती पुढे आपल्याकडेही आली. सारा रोखीत भरायचा, म्हणजे माल विकणे आलेच. १८६० साली रेल्वे सोलापूरला पोहोचली. १८७१ साली एकरुखचे, म्हणजे हिप्परग्याचे तळे पुरे झाले. १८७७ साली जुनी मिल निघाली आणि मागोमाग इतर गिरण्या आल्या. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, कर्नाटकातून माणसे आली. गिरणीचा भोंगा झाला की हजारो माणसे कामावर जाणार, आणि त्यांच्या भाकरीबरोबर भाजी हवी. त्यांना मळा नव्हता, परस नव्हते. त्यांच्यासाठी भाजी हा विकत घ्यायचा जिन्नस झाला. मंडईत एकाच जुडीला मराठी बाई अंबाडी म्हणे, तेलुगू बाई गोंगुरा म्हणे आणि कन्नड बाई पुंडी. तीन नावे, पण भाव एक. मंडईने जात विचारली नाही, नाणे विचारले. ही लहान गोष्ट नाही.

पण नाण्याची दुसरी बाजूही आहे. गावातल्या वाट्यात शेतकऱ्याला खाणाऱ्याचे तोंड माहीत होते. बाजारात ते दिसेनासे झाले आणि मध्ये तोलाई, हमाली, आडत, भाडे उभे राहिले. व्यवहाराला शिस्त यावी म्हणून १९३९ चा आणि पुढे १९६३ चा बाजार समिती कायदा झाला. २०१६ साली राज्य सरकारने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा केला आणि त्याच वर्षी थेट विक्रीसाठी शेतकरी आठवडे बाजारांची योजना आणली. तिला नाव दिले संत सावता माळी यांचेच. तरीही फेब्रुवारी २०२३ मध्ये काय घडले, ते आपण वर्तमानपत्रांत वाचलेच. बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा सोलापूरच्या बाजारात आणला. भाव मिळाला किलोला एक रुपया. गाडीभाडे, हमाली, तोलाई वजा जाता पट्टीवर उरले २ रुपये ४९ पैसे आणि हातात आला दोन रुपयांचा चेक, तोही पुढच्या तारखेचा. कोणी चोरी केली असे नाही. सगळे हिशेब कागदावर बरोबर होते. पण पिकवणाऱ्याच्या जुगारात त्याचा भागीदार कोणीच नव्हता. भाव पडला तो त्याचा एकट्याचा.

जगात इतरत्रही ही जाणीव अशीच झाली. जपानमध्ये १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला दुधा-भाजीतल्या विषारी औषधांना घाबरलेल्या गृहिणी शेतकऱ्यांकडे थेट गेल्या. १९७१ साली तिथे सेंद्रिय शेतीची संघटना स्थापन झाली आणि 'तेईकेई' ही पद्धत रुजली. तेईकेई म्हणजे हातमिळवणी. अमेरिकेत १९८५-८६ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायर या राज्यांतल्या दोन लहान शेतांवर अशीच सुरुवात झाली. हंगामाच्या आधी कुटुंबांनी पैसे भरायचे, मग जे पिकेल त्याचा दर आठवड्याला वाटा घ्यायचा. त्यासाठी त्यांनी जो शब्द निवडला, त्याचा अर्थही 'वाटा' असाच होतो. त्यांना बलुते ठाऊक असण्याचे कारण नाही. पण मातीत हात घालणाऱ्याला जो प्रश्न पडतो, त्याचे उत्तर फिरून फिरून त्याच ठिकाणी येते, एवढे मात्र दिसते.

आता पुन्हा आमच्या मळ्याकडे येतो. मोट गेली, पंप आला, वाटण्या झाल्या. माझ्या पुतण्याकडे विहिरीजवळचे थोडे रान आहे. त्यातल्या अर्ध्या एकरात चार वर्षांपूर्वी त्याने माळवे लावले आणि सोलापुरातल्या चौदा घरांशी बोलणे केले. जूनमध्ये प्रत्येकाने चार हजार रुपये द्यायचे, दिवाळीपर्यंत दर रविवारी पिशवी न्यायची. हिशेबाची वही माझ्याकडे, कारण मी निवृत्त मास्तर. पहिल्या वर्षी तक्रारी आल्या. "चार आठवडे झाले, नुसता दोडकाच!" कोणी म्हणाले, मंडईत स्वस्त मिळते. ते खरेही होते. हळूहळू मंडळी तोडणीला येऊ लागली. भेंडी खुडून ज्याची बोटे काचली, तो भेंडीच्या भावावर फार बोलत नाही, असा माझा अनुभव आहे.

२०२५ चा भाद्रपद छान गेला. लक्ष्म्यांच्या आदल्या रविवारी चौदा पिशव्यांत मिळून सोळा भाज्या भरल्या. काही आमच्या, काही शेजारच्या बांधावरच्या. पण सप्टेंबर संपता संपता सीनेला पूर आला. माढा, मोहोळ, उत्तर सोलापूर, कुठे म्हणून पाणी शिरले नाही! आमच्या वाफ्यांत पाणी थांबले आणि ओसरले तेव्हा वर चिखलाचा थर राहिला. वांगी काळी पडली, वेल कुजले. दिवाळीला अजून तीन आठवडे होते आणि पिशवीत घालायला काही नव्हते.

मग एका रविवारी माझ्या घरी सगळे बसले. पुतण्या गप्प होता. मी वही उघडली आणि बियाणे, खत, मजुरी, वीज, सगळे वाचून दाखवले. काय शिल्लक आहे तेही सांगितले. तेव्हा एक गृहस्थ बोलले. ते बँकेतून निवृत्त झालेले आहेत. त्यांचे आजोबा आमच्या मळ्याची मोट शिवायचे. बांधावरचा वाटा ज्यांनी उचलला, त्यांचे हे नातू. ते म्हणाले, "मास्तर, आमच्या आज्यानं सगळं बुडीत सोसलं. पण त्याला कधी कोणी वही दाखवली नाही. तुम्ही दाखवलीत, म्हणून मी थांबतो. ज्याला थांबायचं नाही, त्याला पैसे द्या आणि त्याच्यावर राग धरू नका."

तसेच केले. दोन घरांनी उरलेल्या आठवड्यांचे पैसे मागितले. एकाकडे दवाखान्याचा खर्च होता, दुसऱ्याने कारण सांगितले नाही आणि आम्ही विचारलेही नाही. दोघांनाही पैसे दिले. बाकी बारा घरांनी सोसले. चिखल काढायला त्यातली सात घरे आली. जुन्या भाषेत याला इर्जिक म्हणत, फक्त इर्जिकीनंतरचे जेवण या वेळी शहरातून डब्यांत आले. वाफसा आल्यावर मेथी आणि मुळा टाकला. पुतण्याचे नुकसान भरून आले का? नाही. पण त्याला रान विकावे लागले नाही आणि सावकाराच्या दारी जावे लागले नाही.

मंडळी, मी काही या चौदा घरांच्या गोष्टीवरून शेतीचा प्रश्न सुटला असे सांगणार नाही. अर्ध्या एकराने जिल्ह्याचे पोट भरत नाही. मंडई लागणार, बाजार समिती लागणार, रास्त भावाची लढाई करावीच लागणार. पण इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला वाटते, जुन्या वाट्यातली सोबत घ्यावी आणि जुन्या वाट्यातली बेडी टाकून द्यावी. बेडी कशाने तुटते? तीन गोष्टींनी. वाटा जन्माने मिळू नये, आपण होऊन घ्यावा. त्याचा हिशेब सर्वांसमोर उघडा असावा. आणि नको वाटला, तर मान खाली न घालता सोडता यावा. आजोबांच्या गोणपाटावर यातले एकही नव्हते. मंडईच्या गोणपाटावर या तिन्ही गोष्टी बऱ्याच अंशी आहेत, पण तिथे सोबत नाही.

परवाच्या रविवारी तोडणीला गेलो होतो. त्याच लिंबाखाली, तेच ओले गोणपाट. बँकेतले ते गृहस्थ वाटे घालीत होते. त्यांच्या नातवाने एक दोडका हळूच आपल्या पिशवीत जास्तीचा टाकला. आजोबांनी तो काढून परत ढिगात ठेवला आणि म्हणाले, "आधी मोज. मग उचल."

मी वहीत लिहिले: दोडका, चौदा वाटे. गेलेल्या दोन घरांपैकी एक या जूनमध्ये परत आले आहे आणि एक घर नवे आहे.